मेंदूत क्वांटम आहे का? उत्तर घड्याळ लावून शोधावे लागते

संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले, कारण हातात धरता येईल एवढ्या मोठ्या विद्युतमंडलातही क्वांटम परिणाम दिसतात हे त्यांनी 1980च्या दशकात दाखवून दिले होते. या बातम्यांमुळे हा शब्द घराघरांत पोहोचला आणि त्याच्या मागोमाग एक प्रश्नही आला: विद्युतमंडलात क्वांटम चालते, तर मेंदूत का चालणार नाही? आपले विचार, आपली जाणीव हा क्वांटमचाच खेळ असेल का?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत ‘क्वांटम अ‍ॅनालायझर’ नावाची पेटी मांडलेली असते. रुग्णाने हातात धातूची नळी धरून मिनिटभर थांबायचे, की संगणकातून यकृतापासून मेंदूपर्यंत सगळ्या अवयवांचा छापील अहवाल बाहेर येतो. विज्ञानातला एक खरा, अवघड आणि सुंदर प्रश्न अशा पेट्यांच्या गर्दीत हरवू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून तो पायापासून मांडत आहे.

क्वांटम म्हणजे काय

1900 साली माक्स प्लांक यांनी असे मांडले की ऊर्जेची देवाणघेवाण सलग धारेने होत नाही, ती ठरावीक आकाराच्या पुड्यांनी होते. या पुडीला क्वांटम म्हणतात आणि मराठीत पुंज. पुढच्या तीन दशकांत या कल्पनेतून अणूंच्या आणि इलेक्ट्रॉनांच्या वागण्याचे संपूर्ण शास्त्र उभे राहिले. त्यातल्या तीन गोष्टी आपल्याला पुरेशा आहेत. इलेक्ट्रॉनासारखा कण एकाच वेळी अनेक शक्यतांच्या मिश्रणात असू शकतो, याला अध्यारोपण म्हणतात. पुरेशी ऊर्जा नसतानाही कण एखाद्या अडथळ्याच्या पलीकडे सापडू शकतो, जणू त्याने डोंगर न चढता बोगद्यातून वाट काढली. आणि दोन कण अशा रीतीने एकमेकांत गुंतू शकतात की त्यांचे वर्णन वेगवेगळे करताच येत नाही.

हे नियम सगळ्याच पदार्थाला लागू आहेत, मग टेबलाला, दगडाला आणि आपल्या अंगाला हे विचित्र वागणे का दिसत नाही? मेंदूच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच दडलेले आहे.

दिंडीतली पावली आणि पुलावरची गर्दी

दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून पावली खेळतात. सगळ्यांचे पाऊल एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे पडते, टाळ एकाच क्षणी वाजतात, आणि म्हणूनच त्या रांगेला एक लय, एक आकार असतो. आता हीच मंडळी संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनच्या पुलावर आली अशी कल्पना करा. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिशेने धक्का बसेल, कोणाचे पाऊल अर्धा क्षण आधी पडेल, कोणाचे नंतर, आणि बघता बघता लय मोडेल. माणसे तीच, टाळ तेच, पण पावली संपलेली असेल.

अध्यारोपण टिकण्यासाठी कणाच्या वेगवेगळ्या शक्यतांमध्ये अशीच लय राखली जावी लागते. तिला सुसंगती म्हणू. आजूबाजूच्या रेणूंच्या धक्क्यांनी ती मोडते. प्रत्येक धक्क्याबरोबर कणाच्या अवस्थेची थोडी बातमी बाहेर फुटते, आणि बातमी फुटली की कण एखाद्या साध्या गोटीसारखा वागू लागतो. क्वांटम संगणकाच्या अनेक चिप निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंश सेल्सियसच्या, अगदी जवळ थंड करून ठेवाव्या लागतात त्या याचसाठी. मेंदू मात्र 37 अंशांवर असतो आणि पाण्याने भरलेला असतो. तिथली गर्दी पुलावरच्या गर्दीपेक्षा कितीतरी दाट आहे.

तेव्हा ‘मेंदूत क्वांटम आहे का’ याऐवजी प्रश्न असा विचारायला हवा: मेंदूतली एखादी क्वांटम अवस्था किती वेळ टिकते, आणि मेंदूला आपले काम करायला किती वेळ लागतो? चेतापेशीतला एक विद्युतस्पंद साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग चालतो. लय त्याच्या आत मोडत असेल, तर तिचा विचारप्रक्रियेला उपयोग होणे कठीण आहे.

एका अर्थाने उत्तर निःसंशय ‘हो’ आहे

रसायनशास्त्र हे सगळेच क्वांटम नियमांवर उभे आहे. दोन अणूंमधला बंध, प्रथिनाची घडी, पेशीच्या पटलातून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, निवडून सोडणारे दरवाजे, यांतले काहीच त्या नियमांवाचून समजत नाही. काही विकरांमध्ये हायड्रोजन बोगद्याच्या वाटेने उडी मारतो हेही प्रयोगांनी दिसलेले आहे. पण असे म्हणणे हे वाडा मातीचा आहे असे म्हणण्यासारखे आहे. ते खरे असले, तरी त्यातून वाड्याची रचना कळत नाही.

याहून जवळचे उदाहरण डोळ्याचे आहे. डोळ्याचा पडदा हा गर्भावस्थेत मेंदूपासूनच तयार होतो, म्हणून त्याला मेंदूचा पुढे आलेला भाग मानतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातली एक दंडपेशी प्रकाशाच्या एकाच कणाला प्रतिसाद देऊ शकते. तो कण शोषला की ऱ्होडॉप्सिन नावाच्या प्रथिनातला वाकलेला रेणू सुमारे 200 फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाच लाख कोटींश भागात, सरळ होतो. इथपर्यंतची घटना अस्सल क्वांटम आहे. त्यानंतर एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, ते पुढच्या शेकडो रेणूंना, आणि अखेर पेशीचा विद्युतदाब बदलतो. हा पुढचा सगळा प्रवास नेहमीच्या जीवरसायनाचा आहे. क्वांटम घटनेने दार वाजवले, पण घरातला कारभार तिने चालवला नाही.

खरा वाद या कारभाराबद्दल आहे.

पेनरोझ, हॅमरॉफ आणि सूक्ष्मनलिका

मेंदूच्या कारभारात क्वांटमचा हात आहे असे ठामपणे मांडणारे सर्वांत नामवंत शास्त्रज्ञ म्हणजे रॉजर पेनरोझ, ज्यांना कृष्णविवरांवरील कामासाठी 2020 सालचे नोबेल मिळाले. त्यांच्या युक्तिवादाची सुरुवात गणितातून होते. कर्ट गोडेल यांनी 1931 साली सिद्ध केले की, अंकगणित मांडता येईल इतक्या समर्थ आणि अंतर्विरोध नसलेल्या कोणत्याही नियमावलीत अशी काही सत्य विधाने उरतातच, जी त्या नियमांनी सिद्ध करता येत नाहीत. गणितज्ञाला मात्र अशा विधानांची सत्यता उमगते, असे पेनरोझ म्हणतात. म्हणून त्यांच्या मते माणसाची समज संगणकाच्या नियमावलीत मावणारी नाही, आणि ती जादा शक्ती क्वांटम अवस्था कोसळण्याच्या, म्हणजे अनेक शक्यतांच्या मिश्रणातून एकच शक्यता उरण्याच्या, अजून न उलगडलेल्या प्रक्रियेतून येत असावी. ही पहिली पायरीच अनेक तर्कशास्त्रज्ञांना मान्य नाही, कारण माणसाचे स्वतःचे तर्क अंतर्विरोधमुक्त आहेत हे गृहीत धरायला आधार नाही. हा आक्षेप मलाही वजनदार वाटतो.

पेनरोझ यांना मेंदूतली जागा दाखवली ती अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी. पेशींच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या, सुमारे 25 नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या असतात. त्या पेशीला आकार देतात आणि मालवाहतुकीचे रूळ म्हणूनही काम करतात. या सूक्ष्मनलिकांत ट्युब्युलिनची क्वांटम अवस्था जुळून येते, ती ठरावीक वेळाने कोसळते, आणि प्रत्येक कोसळण्यातून जाणिवेचा एक क्षण उमटतो, असा सिद्धांत दोघांनी 1990च्या दशकात मांडला. जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या, सेकंदाला 40 वेळा होणाऱ्या मेंदूलहरींशी त्यांनी तो जुळवला, म्हणजे अवस्था साधारण 25 मिलिसेकंद टिकायला हवी.

टेग्मार्क यांनी लावलेले घड्याळ

2000 साली भौतिकशास्त्रज्ञ माक्स टेग्मार्क यांनी ही लय किती वेळ टिकेल याचे गणित केले. चेतापेशी ‘स्पंदली’ आणि ‘न स्पंदली’ यांच्या मिश्रणात असायची तर सुमारे दहा लाख सोडियम आयन एकाच वेळी पटलाच्या आतही आणि बाहेरही असायला हवेत. पाण्याच्या रेणूंच्या आणि शेजारच्या आयनांच्या धक्क्यांनी हे मिश्रण 10 च्या उणे 20 व्या घाताएवढ्या सेकंदात मोडेल, असे उत्तर आले. सूक्ष्मनलिकांसाठी आलेले उत्तर होते 10 चा उणे 13 वा घात, म्हणजे सेकंदाचे दहा लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. हवे होते 25 मिलिसेकंद. ही तफावत थोड्याथोडक्या सुधारणेने भरून निघणारी नाही.

हॅमरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली उत्तर दिले की, टेग्मार्क यांनी त्यांच्या सिद्धांतातली मांडणी न घेता वेगळीच गृहीत धरली, आणि दुरुस्त आकडे घेतले तर लय सेकंदाच्या लाखाव्या ते दहा हजाराव्या भागापर्यंत टिकू शकते. हा प्रतिवाद विचारात घेण्याजोगा आहे, पण हे दुरुस्त आकडेही 25 मिलिसेकंदांपर्यंत पोहोचत नाहीत; तिथवर जायला त्यांना आणखी गृहीतके धरावी लागतात. दुसरा धक्का अवस्था गुरुत्वामुळे कोसळते या पेनरोझ यांच्या मूळ कल्पनेला बसला. तसे होत असेल तर अतिशय क्षीण किरणे बाहेर पडायला हवीत, असे तिच्या एका सोप्या रूपातून निघते. इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत, सुमारे 1400 मीटर खडकाखाली, ती किरणे शोधण्यात आली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ती मिळाली नाहीत. सोपे रूप त्यामुळे बाद झाले, मात्र कल्पनेची इतर रूपे अजून उभी आहेत.

सिद्धांताच्या बाजूनेही अलीकडे काही हाती आले आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात उंदरांना सूक्ष्मनलिका घट्ट करणारे औषध आधी दिले, तर आयसोफ्लुरेन या भुलेच्या वायूने त्यांची शुद्ध हरपायला सरासरी 69 सेकंद जास्त लागले. भूल आणि सूक्ष्मनलिका यांचा काही संबंध आहे असे यातून सूचित होते. पण तो क्वांटम संबंध आहे असे त्यातून ठरत नाही, कारण चेतापेशीची बरीचशी मालवाहतूक याच नळ्यांवरून होते.

“पण पक्ष्यांना जमते, मग मेंदूला का नाही?”

हा आक्षेप रास्त आहे. युरोपातला रॉबिन हा चिमुकला पक्षी रात्री स्थलांतर करतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतो. त्याच्या डोळ्यात क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन असते. प्रकाश पडला की त्यात दोन इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते, आणि त्या दोघांच्या फिरकीचा परस्परमेळ पृथ्वीच्या अतिशय क्षीण क्षेत्रानेही बदलतो. फिरकी, म्हणजे स्पिन, हा कणांचा अंगभूत गुण आहे, ज्यामुळे ते इवल्याशा चुंबकासारखे वागतात. मेळ कसा आहे त्यावर पुढची रासायनिक अभिक्रिया कोणत्या वाटेने जाणार हे ठरते, असे या कल्पनेत मानले जाते.

जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठात या संदर्भात एक विलक्षण गोष्ट घडली. आवारातल्या लाकडी खोल्यांत ठेवलेल्या रॉबिनना दिशाच सापडेना. संशोधकांनी भिंतींना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, आणि पक्षी पुन्हा योग्य दिशेकडे वळू लागले. पत्र्यांची जमिनीशी जोडणी काढली की ते परत भरकटायचे. शहरातल्या विद्युत उपकरणांतून निघणाऱ्या क्षीण रेडिओलहरी त्यांचे होकायंत्र बिघडवत होत्या, असा निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाला. एवढ्या क्षीण लहरी पेशीला तापवत नाहीत की इजा करत नाहीत, म्हणून हा परिणाम फिरकीच्या यंत्रणेकडे बोट दाखवतो.

उत्साहाला लगाम घालणारे उदाहरणही सांगायला हवे. 2007 साली प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरित गंधक जिवाणूंच्या एका प्रथिनात ऊर्जा क्वांटम लहरीच्या रूपाने वाहते असे जाहीर झाले आणि मोठी खळबळ उडाली. ते मोजमाप उणे 196 अंशांवरचे होते. पुढच्या दशकभरात अधिक बारकाईने पाहिल्यावर दिसलेली आंदोलने मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असल्याचे आढळले.

एमआरआयच्या फिल्मवरचा ‘टी2’

रॉबिनच्या गोष्टीतला कळीचा शब्द फिरकी हा आहे, आणि मेंदूतली फिरकी आपल्यापैकी अनेकांच्या घरात कपाटात ठेवलेली आहे. एमआरआयची जुनी फिल्म काढून उजेडाकडे धरा. तिच्यावर कुठेतरी ‘टी1’ आणि ‘टी2’ अशी अक्षरे छापलेली दिसतील. यंत्राच्या बोगद्यात आडवे झाल्यावर मेंदूतल्या पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रके चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखी फिरतात, रेडिओलहरीचा एक धक्का त्यांना एका लयीत आणतो, आणि मग ही लय हळूहळू मोडते. ती मोडायला लागणारा काळ म्हणजे टी2. क्वांटम संगणकाचे अभियंते आपल्या क्युबिटची, म्हणजे त्या संगणकातल्या माहितीच्या मूळ एककाची, लय किती टिकते हे सांगतानाही हेच चिन्ह वापरतात. मेंदूच्या करड्या भागात हा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, आणि मेंदूभोवतीच्या द्रवात त्याहून बराच जास्त. टी2 फिल्मवर पाणी पांढरे दिसते ते म्हणूनच.

म्हणजे ज्या ओल्या, उबदार मेंदूत आयनांची लय क्षणार्धातही टिकत नाही, तिथेच अणुकेंद्राच्या फिरकीची लय चेतापेशीच्या स्पंदाच्या शंभरपट टिकते! कारण असे की पुलावरचे धक्के विद्युत स्वरूपाचे असतात आणि हायड्रोजनच्या केंद्रकाची फिरकी त्यांना दाद देत नाही, तिला केवळ चुंबकीय कुजबुज ऐकू येते. गर्दीत अंग कितीही ढकलले गेले तरी कानातला ठेका हलत नाही, तसे हे आहे. अर्थात, एमआरआयमध्ये प्रत्येक केंद्रक स्वतंत्रपणे लय धरते, ती एकमेकांत गुंतलेली नसतात, आणि ही लय बाहेरच्या यंत्राने लावलेली असते. मेंदू स्वतः असे काही करतो याचा हा पुरावा नव्हे.

हाच धागा धरून 2015 साली कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ मॅथ्यू फिशर यांनी फॉस्फरसच्या केंद्रकाकडे लक्ष वेधले. त्यांच्या कल्पनेत 9 कॅल्शियम आणि 6 फॉस्फेट यांचा इवलासा गोळा फॉस्फरसच्या गुंतलेल्या फिरक्या सांभाळून ठेवतो आणि चेतापेशींत पोहोचवतो. लय दिवसचे दिवस टिकेल असा त्यांचा आरंभीचा अंदाज होता. नंतर इतरांनी केलेल्या तपशीलवार गणितांनी तो बराच खाली, एका हिशेबात तर सेकंदाच्याही आत, आणला. असे गोळे जिवंत मेंदूत हे काम करताना कोणी पाहिलेले नाही.

ज्या प्रयोगांकडे माझे लक्ष आहे

फिरकी इतकी दुबळी असते की ती पेशीला काही करायला लावील कशी, असा प्रश्न इथे उभा राहतो. रेल्वेचा सांधा बदलणारा माणूस गाडी ओढत नाही, ती इंजिनच्या जोरावर धावते, तो फक्त रूळ फिरवतो. रॉबिनच्या डोळ्यात फिरकी असेच काम करते असे मानले जाते. मेंदूत असा एखादा सांधा आहे का, हे तपासायची एक स्वच्छ युक्ती आहे. एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक, म्हणजे कमीअधिक न्यूट्रॉन असलेले अणू, रसायन म्हणून जवळपास सारखेच वागतात, पण त्यांच्या केंद्रकांची फिरकी वेगळी असू शकते. समस्थानिक बदलल्यावर मेंदूवरचा परिणाम बदलला, तर फिरकीवर संशय घेता येतो.

लिथियम हे द्विध्रुवी मनोविकारावरचे जुने औषध. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिले असलेल्या उंदरांच्या माद्यांना लिथियम-6 आणि लिथियम-7 वेगवेगळे दिले, तेव्हा पिलांची काळजी घेण्याच्या त्यांच्या वागण्यात ठळक फरक दिसला. मात्र सहा आणि सात यांच्या वजनातच मोठी तफावत आहे, त्यामुळे फरक निव्वळ वजनाचाही असू शकतो. क्सेनॉनचे तसे नाही. हा वायू रसायन म्हणून जवळपास निष्क्रिय आहे, तरी त्याने भूल चढते. 2018 साली चीनमधील संशोधकांनी उंदरांवर दाखवले की, फिरकी असलेल्या क्सेनॉन-129 आणि 131 ने भूल चढवायला फिरकी नसलेल्या 132 आणि 134 पेक्षा लक्षणीय जास्त मात्रा लागते. इथे वजनातला फरक जेमतेम दोन-चार टक्क्यांचा असल्याने वजनाचे स्पष्टीकरण लंगडे पडते. या सगळ्या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष हाच आहे.

“निरीक्षकामुळेच वास्तव घडते ना? आणि इच्छास्वातंत्र्याचे काय?”

क्वांटम पुस्तकांतल्या ‘निरीक्षक’ या शब्दाने फार गैरसमज पसरवले आहेत. लय मोडण्यासाठी मनाची किंवा जाणिवेची गरज नसते. अवस्थेची बातमी घेऊन जाणारा पाण्याचा एक रेणूही तेवढे काम करतो. मनाच्या निश्चयाने क्वांटम अवस्था हवी तशी वळवता येते याला प्रयोगाचा आधार नाही. इच्छास्वातंत्र्याबद्दल एवढेच सांगता येईल की, मेंदूतली एखादी घटना क्वांटम अनिश्चिततेने घडली तर ती यदृच्छेने घडली असे होईल, आणि फासा टाकून घेतलेला निर्णय कोणी आपला स्वतंत्र निर्णय मानत नाही.

हातात नळी देणाऱ्या पेटीबद्दल तर वर सांगितलेल्या कसोटीवर बोलण्यासारखे काही उरतच नाही. कोणती अवस्था, किती वेळ टिकलेली, कशाने मोजलेली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्या अहवालात नसते. तो अहवाल पाहून कोणी चालू औषध बंद करू नये.

मेंदूसाठी खरीखुरी क्वांटम उपकरणे निराळी आहेत. हिऱ्यातल्या एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, तर तिथल्या इलेक्ट्रॉनांची फिरकी नेहमीच्या तापमानालाही टिकते आणि अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र टिपते. हिरवा लेसर टाकला की हिरा लाल चमकतो, आणि त्या चमकेतून क्षेत्र मोजता येते. 2016 साली अमेरिकेत या पद्धतीने एका सागरी कृमीच्या एकाच चेतातंतूतून धावणाऱ्या स्पंदाचे चुंबकीय क्षेत्र टिपण्यात आले. केंद्र सरकारच्या 2023 सालच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईकडे आहे, आणि तिथेही हिऱ्यावर चालणारा असा सूक्ष्मदर्शक तयार झाला आहे.

क्सेनॉनचा प्रयोग आता दुसऱ्या प्रयोगशाळांत, दुसऱ्या प्राण्यांवर, आणि मुख्य म्हणजे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र बदलत करून पाहायला हवा. उंदरांच्या भुलेमागे रॉबिनच्या डोळ्यातल्यासारखा फिरकीचा सांधा असेल, तर क्षेत्र बदलताच भुलेला लागणारी मात्राही बदलेल.